बेताने

शनिवारी दुपारी एखाद्या मित्राचा फोन येतो आणि तो एवढेच विचारतो, "आज बसायचं का?" कुठे बसायचे आणि कशासाठी बसायचे हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गेली बारा वर्षे माझ्या बाबतीत या प्रश्नाला दुसरा एक प्रश्न कायमचा जोडला गेला आहे, तो म्हणजे उद्या पहाटे साडेपाचला सायकल कुठे न्यायची आहे. मी पुण्यात राहतो, वय सत्तेचाळीस, नोकरी बसून करण्याची. शर्यतीत मी कधी उतरलो नाही आणि उतरणारही नाही, पण रविवारची मोठी फेरी आणि मधल्या दिवसांतल्या दोन छोट्या फेऱ्या मिळून आठवड्याला सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात. दारूही मला आवडते. थंड बिअरचा पहिला घोट आवडतो, पावसाळ्यात मित्रांबरोबर रेंगाळत घेतलेला एखादा पेग आवडतो, आणि त्या वेळी होणाऱ्या गप्पा तर फारच आवडतात. या दोन आवडींनी एका शरीरात कसे नांदायचे हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

माफक पिण्यासाठी आपल्याकडे 'बेताने' हा शब्द आहे आणि तो मला अतिशय नेमका वाटतो. शिंपी कापड बेततो, म्हणजे आधी मापे घेतो आणि मगच कात्री लावतो. रविवारच्या जेवणाचा किंवा सहलीचा आपण बेत करतो, म्हणजे उद्याचा विचार आज करतो. ज्याचे उत्पन्न मोजके असते त्याची परिस्थिती बेताची असते. आणि एखादी गोष्ट फार पुढे गेली तर ती जिवावर बेतते. माप, उद्याचा विचार, मोजकेपणा आणि धोका, असे चारही अर्थ या एका शब्दाच्या कुटुंबात आहेत. मी मात्र कित्येक वर्षे त्यातला मोजकेपणा तेवढाच धरून बसलो होतो, आणि तोही चुकीच्या मापाने.

चार वर्षांपूर्वी, पाऊस नुकताच ओसरलेला असताना, एका शनिवारी रात्री मित्राचा वाढदिवस होता. साडेनऊच्या सुमारास बसलो, साडेबाराला उठलो. मी दोन बिअर घेतल्या आणि दोनच घेतल्या याचे मला समाधान होते. रविवारी ठरल्याप्रमाणे साडेपाचला राजाराम पुलाजवळ सगळे जमलो. खडकवासल्याच्या धरणाजवळ उजाडले, डोणज्याला चहा झाला आणि गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाचा घाट सुरू झाला. तिथून वर सुमारे नऊ किलोमीटर चढ आहे. हा घाट मला पाठ आहे. कुठल्या वळणावर कोणता गिअर लागतो, कुठे क्षणभर उसंत मिळते, सगळे ठाऊक आहे. त्या दिवशी पहिल्याच किलोमीटरला श्वास वर आला. घड्याळात हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा दहा-बाराने जास्त दिसत होते आणि वेग मात्र कमी होता. हवेत उकाडा आहे, वय होत चालले आहे, अशी कारणे मी स्वतःला देत राहिलो.

वर ताक प्यालो, अर्धी भाकरी खाल्ली आणि साडेआठच्या सुमारास उतरायला लागलो. उताराच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर पावसाने वाहून आणलेली बारीक खडी पसरलेली होती. ती मला दिसली. दिसली हे नक्की आठवते, कारण तिचा पिवळसर रंग अजून डोळ्यांसमोर आहे. वळणाच्या आधीच वेग कमी करायला हवा हेही समजले. पण समजणे आणि बोटांनी ब्रेक आवळणे यांच्यामध्ये एक पोकळ जागा होती, जिथे एरवी काहीच नसते. मी ब्रेक दाबला तो खडीवर पोहोचल्यावर. मागचे चाक बाजूला सरकले, सायकल आडवी झाली आणि मी डाव्या कोपरावर घसरत वळणाच्या बाहेरच्या अंगाला गेलो. खालून एक वडाप जीप चढत होती. चालकाने ती माझ्यापासून दोन हातांवर थांबवली. तो खाली उतरला, मला उठवले, सायकल कडेला लावली आणि एक शब्दही न बोलता पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. माझे पाय लटपटत होते ते जखमेमुळे नव्हे. आमच्या गटातले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, माझ्या मागोमाग उतरत होते. त्यांनी कोपर धुतले, त्यात रुतलेले खडे एकेक करून काढले, आणि मान वर न करता विचारले, "काल किती झाली?"

"दोनच, काका."

"दोन काय?"

मी गप्प राहिलो. "बिअर," मग म्हणालो.

"केवढी बाटली? माइल्ड की स्ट्राँग?"

काका औषधांच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले आहेत आणि मापाशिवाय बोललेले त्यांना चालत नाही. परतताना डोणज्याच्या टपरीवर त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मला हिशेब करून दाखवला. आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग असते. साडेसहाशे मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, त्याचे वजन सुमारे ४१ ग्रॅम. दोन बाटल्यांचे ८२ ग्रॅम. भारतीय व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते, तेव्हा ३० मिलिलिटरच्या लहान पेगात ते साधारण १० ग्रॅम भरते. म्हणजे मी 'दोनच' घेतल्या तेव्हा आठ लहान पेग घेतले होते. कोणी मला सांगितले असते की तू एका बैठकीत आठ पेग पितोस, तर मी ते ठामपणे नाकारले असते. ब्रिटनमध्ये २०१६ सालापासून सरकारी आरोग्य सल्लागारांचे सांगणे असे आहे की स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये. तिथले एक युनिट ८ ग्रॅमचे, म्हणजे सात दिवसांत मिळून ११२ ग्रॅम. त्यातला तीन-चतुर्थांश वाटा मी तीन तासांत संपवला होता आणि त्याला माफक म्हणत होतो.

हिशेबाचा दुसरा भाग वेळेचा होता. यकृत तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढते. ते त्याच्या गतीने चालते; काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबूपाणी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. साडेनऊपासून मोजले तर ८२ ग्रॅम संपायला सकाळचे पावणेसहा ते पावणेआठ वाजतात. राजाराम पुलाजवळ मी सायकलवर बसलो तेव्हा कालची दारू बहुधा रक्तात होती.

पण साडेआठला, घाट उतरताना, ती गेलेली असणार. मग बोटे उशिरा का हलली? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. आपल्या भाषेत दारूही चढते आणि उतरते, घाटही चढतो आणि उतरतो, आणि दोन्हीकडे आपली समजूत अशीच असते की कष्ट आणि धोका काय तो चढण्यात. उतरली की संपले. घाटाच्या बाबतीत हे खोटे आहे हे प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असते, कारण अपघात उतारावर होतात. दारूच्या बाबतीत ते मला त्या दिवशी कळले. दारू प्यायल्यावर डोळा लगेच लागतो म्हणून झोप चांगली लागल्यासारखी वाटते, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक जातो, स्वप्नांची झोप कमी होते आणि हृदय जे रात्री निवांत व्हायला हवे ते धावत राहते. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला अल्कोहोल दाबते, त्यामुळे मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकतात आणि माणूस सकाळी आधीच कोरडा होऊन उठतो. एरवी झोपेत माझे ठोके मिनिटाला ५२ पर्यंत खाली येतात. त्या रात्रीची नोंद मी नंतर काढून पाहिली; ते ६४ च्या खाली आलेच नव्हते. दारू उतरली होती, पण तिने नेलेली झोप आणि पाणी परत आलेले नव्हते.

सायकल चालवणाऱ्यांत 'कमावलेली बिअर' नावाची एक समजूत असते. शंभर किलोमीटर चालवले, दोन-अडीच हजार कॅलरी जाळल्या, मग दीडशे कॅलरीची एक छोटी बिअर आपल्या हक्काची आहे, असे तिचे म्हणणे. मीही हे अनेकदा बोललो आहे. कॅलरींच्या वजाबाकीत ते बरोबरही आहे. पण फेरीनंतर शरीराला जे हवे असते ते कॅलरींच्या खात्यात मांडता येत नाही. त्याला पाणी हवे असते, आणि अल्कोहोल पाणी घालवते. यकृतातला साखरेचा साठा रिकामा झालेला असतो आणि यकृताने नवी साखर तयार करायची असते, पण समोर अल्कोहोल आले की ते आधी त्याच्या मागे लागते. म्हणून रिकाम्या पोटी, लांबच्या फेरीनंतर लगेच घेतलेल्या एका बिअरने धडधाकट माणसाला दरदरून घाम फुटू शकतो. आमच्यातल्या एकाचे हात दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेनंतर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीनंतर, असेच थरथरत होते आणि आम्ही त्याला गूळ-शेंगदाणे भरवत बसलो होतो. स्नायूंचीही तीच कथा. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात व्यायामानंतर भरपूर दारू दिलेल्या तरुणांच्या स्नायूंमध्ये नवी प्रथिने बनण्याचे प्रमाण, सोबत पुरेसे प्रथिन देऊनही, २४ टक्क्यांनी घटलेले आढळले. त्यांना दिलेली मात्रा फार मोठी होती, शरीराच्या किलोमागे दीड ग्रॅम, आणि एका छोट्या बिअरला तो आकडा लावणे अन्यायाचे होईल. मात्र माझ्या वजनाला ती मात्रा १०५ ग्रॅम होते, आणि माझ्या 'दोनच' बाटल्या ८२ वर होत्या.

याहून कठोर मत माझे एकाच गोष्टीबद्दल आहे, आणि ते म्हणजे वाटेत घेतलेली दारू. पानशेतच्या किंवा मुळशीच्या रस्त्यावर अकरा वाजता भूक लागते, समोर हॉटेल असते, आणि कोणीतरी म्हणते की एक एक घेऊ, आता उरलेत तीसच किलोमीटर. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी मर्यादा आहे, पण ते कलम मोटार वाहनांसाठी आहे आणि सायकल त्यात येत नाही, असा युक्तिवादही मी त्या टेबलावर ऐकला आहे. काही देशांत सायकलला अशी सूट नाही. जर्मनीत रक्तात १.६ प्रतिहजार अल्कोहोल असताना सायकल चालवणे हा गुन्हा आहे. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून नियम इतका कडक केला की मोटारीसाठी असलेली अल्कोहोलची मर्यादा ओलांडून सायकल चालवली तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला या वादात कायदा आणावासाच वाटत नाही. सायकल ही दोन बोटे रुंदीच्या रबरावर तोल सांभाळण्याची गोष्ट आहे, तिला चारही बाजूंनी पत्रा नाही, आणि आपल्या रस्त्यावर तिच्या डाव्या हाताला खड्डा व उजव्या हाताला डंपर असतो. तिथे अर्ध्या क्षणाचा उशीरही परवडत नाही. पूर्ण शुद्धीत, रक्तात थेंबही नसताना, मला तो उशीर झाला होता.

सायकलच्या खेळाचा इतिहास मात्र दारूने भिजलेला आहे. टूर डी फ्रान्समध्ये एके काळी खेळाडूंना पाणी मोजूनच मिळे. जास्त पाणी अपायकारक असते असा समज होता. तहानलेले खेळाडू वाटेतल्या बारमध्ये घुसत आणि हाताला लागेल ती बाटली, मग ते पाणी असो, वाइन असो की बिअर, उचलून पळत. वेदना कळू नये म्हणूनही दारू घेतली जाई. १३ जुलै १९६७ रोजी मोंट व्हेंटू या डोंगराच्या चढावर, भर उन्हात, टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळला आणि मरण पावला. तो १९६५ चा विश्वविजेता होता, वय एकोणतीस. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आणि अल्कोहोल दोन्ही सापडले. दोष एकट्या दारूचा नव्हता. उष्णता होती, तहान होती, उत्तेजक औषध होते. मला त्या प्रसंगातले जे कायम आठवते ते असे की शरीर थांब म्हणून सांगत असणार आणि ते सांगणे त्याच्यापर्यंत पोहोचू नये अशी सगळी व्यवस्था आधीच झालेली होती. आमच्यासारख्या हौशी माणसाला जिंकायचे काहीच नसते. आम्हाला या छंदातून मिळते ते मुळी हेच, की मांडी काय म्हणते, श्वास काय म्हणतो, हे नीट ऐकू येऊ लागते. ते ऐकू येणे बंद करणारी वस्तू सायकलच्या जवळपास असू नये, असे मला फार मनापासून वाटते.

तर मग मी दारू सोडली का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, आणि दारू कर्करोगाला कारणीभूत ठरते हे तर १९८८ पासून नोंदलेले आहे. हे मी वाचले आहे आणि मला ते मान्य आहे. म्हणून 'थोडी घेतलेली हृदयाला चांगली' हे वाक्य मी बोलायचे सोडून दिले. मी पितो ते मला त्यात आनंद मिळतो म्हणून, आणि त्या आनंदाची किंमत मी ओळखून देतो. ती किंमत माझ्या रविवारातून, इतरांच्या रस्त्यातून आणि घरच्यांच्या काळजीतून वसूल होऊ नये, एवढ्यासाठी माप आहे.

ते माप आता असे आहे. सायकल घरी जाग्यावर लागल्याशिवाय काही नाही. फेरीनंतर आधी पाणी, मग जेवण, मग झोप. प्यायचे असेल तर संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी फेरी असेल तर ३३० मिलिलिटरची एक माइल्ड बिअर, म्हणजे १३ ग्रॅम, आणि ग्लास साडेआठपर्यंत खाली. मोठी बैठक असेल तर ती शुक्रवारी, आणि शनिवार मोकळा. मोजायचे ते ग्रॅममध्ये, बाटल्यांमध्ये नाही. घरी मी कधी कधी अर्धी बिअर आणि अर्धा लिंबू-सोडा असे मिश्रण करतो. बव्हेरियात या पेयाला राडलर म्हणतात, आणि त्या जर्मन शब्दाचा अर्थच सायकलस्वार असा आहे. १९२२ साली म्युनिकजवळच्या एका खानावळीच्या मालकाने सायकलवाल्यांची झुंबड उडाल्यावर बिअर पुरावी म्हणून तीत लेमोनेड ओतले, अशी तिची आख्यायिका सांगतात. शब्द त्याहून जुना असल्याने ती तंतोतंत खरी नसावी. ताज्या कागदी लिंबाची, किंचित मीठ घातलेली आपली आवृत्ती मला जास्त आवडते. तिच्यात अल्कोहोल अडीच टक्क्यांच्या आसपास उतरते, ग्लास मात्र मोठा राहतो, आणि गप्पांना ग्लास हातात असल्याशी मतलब असतो.

हे सगळे मी सांगतो ते माझ्यापुरते. आमच्या गटात एकजण आहे ज्याच्यासाठी १३ ग्रॅम ही मात्राच नाही, कारण त्याच्यासाठी पहिला घोट हाच शेवटच्या घोटाचा रस्ता आहे. तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला त्याला सहा वर्षे झाली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले तेव्हापासून या शहराला एवढे तरी समजले आहे की हा आजार आहे, चारित्र्यातली खोट नाही. त्याच्या समोर बसून बेताने पिण्याचे कौतुक सांगण्याइतका अविचार दुसरा नाही, आणि मी तो एकदा केला आहे. तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "तुला बेत करता येतो. माझा बेत तीच करायची." त्यानंतर गटाच्या फेरीत, तिच्या आधी किंवा नंतर, दारूचा विषय काढायचा नाही असे आम्ही ठरवले, आणि ते पाळणे मुळीच अवघड गेले नाही. ताक, भजी आणि चहा यांवर आमची कितीतरी वर्षे उत्तम निघाली आहेत.

१ जानेवारीची सूर्योदयाची फेरी आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पूर्वी आम्ही साडेपाचलाच निघत असू. ३१ डिसेंबरच्या रात्री राज्यातल्या बारना अनेकदा पहाटे पाचपर्यंत परवानगी मिळते, तेव्हा ज्या वेळी आम्ही पाठीमागचा लाल दिवा लावून रस्त्यावर येत होतो, नेमके त्याच वेळी रात्रभर बसलेली माणसे गाड्या घेऊन घरी निघालेली असत. एका वर्षी सिंहगड रस्त्यावर एक मोटार आमच्या रांगेला घासून, दिवे न लावता, निघून गेली. त्या संध्याकाळी काकांनी आपला हिशेबाचा कागद पुन्हा काढला. या वेळी ग्रॅम दुसऱ्यांचे होते आणि तास आमचे. तेव्हापासून वर्षाची पहिली फेरी सात वाजता निघते. सूर्य आम्ही शहरात असतानाच उगवतो, त्याची थोडी हळहळ वाटते. आदल्या रात्री आठ वाजता मी आणि पत्नी नाशिकच्या वाइनचा एकेक ग्लास घेतो, दहाला चाकात हवा भरून ठेवतो, आणि सकाळी राजाराम पुलाजवळ पोहोचतो तेव्हा तो मित्र सगळ्यांच्या आधी येऊन थर्मासमधला चहा कागदी कपांत ओतत असतो.